मराठीचा तास म्हणजे नाटकाची तालीम असायला काय हरकत आहे?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रांच्या पानावर सध्या मराठीवर बरंच काय काय येतंय, गोव्यात मराठीला राजभाषा करण्याचा विषय, २०२४ च्या ऑक्टोबरात मिळालेला अभिजात दर्जा, प्राथमिक शाळांचा घटणारा पट, सगळं मी वाचते आणि बरंचसं पटतंही. पण एक गोष्ट कोणीच लिहीत नाही, ती म्हणजे शाळा चालू आहे, मूल वर्गात बसलंय, मराठीचा तास लागलाय, तर त्या पस्तीस-चाळीस मिनिटांत नेमकं होतं काय. मी फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवते म्हणून सांगते, बहुतेक ठिकाणी होतं ते असं की टीचर धडा वाचते, मध्येमध्ये कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहिते, मग धड्याखालचे प्रश्न, मग उत्तरं, मुलं ती वहीत उतरवून घेतात, बेल होते. या पूर्ण तासात मूल तोंडाने मराठी किती बोललं? हजेरीला "प्रेझेंट टीचर" म्हणालं असेल, आणि ते काही मराठी नव्हे.

आता आपल्याकडची मुलं बघा. घरी कोंकणी, पाचवीपासून बहुतेकांची पुस्तकं इंग्रजीत, मोबाइलवर हिंदी. मराठी त्यांच्या कानावर पडते तरी कुठे, तर गणेश चवथीला घुमट (मातीचं तालवाद्य) वाजवून होणाऱ्या आरतीत, देवळातल्या भजनात, जत्रेच्या नाटकात. म्हणजे आवाजात, तालात, चालीवर. आरतीच्या वेळी घुमटावर थाप पडली की तिसरीतलं पोरगंसुद्धा कडव्यामागून कडवी न चुकता म्हणतं, अर्धे शब्द कळत नसतात तरी उच्चार स्वच्छ असतात. तेच पोर शाळेत धडा वाचायला उभं केलं की मान खाली, आवाज पोटात, आणि पूर्णविराम आला तरी थांबायचं नाव नाही, कधी एकदा संपतंय आणि खाली बसतोय. दोष मुलाचा नाही. आपण त्याला भाषा दिली ती आवाज काढून घेऊन दिली.

आमच्या अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्यात, दीनानाथ मंगेशकरांचं नाव घेऊन भाषणं करायची सवय आहेच, ते मी इथे करत नाही. मला बोलायचंय त्या नाटकवाल्यांबद्दल ज्यांचं नाव कुठल्याच सभागृहाला दिलेलं नाही. गावोगाव जत्रेला, काल्याला, देवळाच्या उत्सवाला जे नाटक होतं त्यात काम करणारे कोण असतात? वीज खात्यातला लाइनमन, बसचा ड्रायव्हर, किराणा दुकानवाला, कोणी सातवी, कोणी मॅट्रिक, घरात कोंकणी सोडून दुसरी भाषा बोललेले नाहीत. आणि रात्री पडदा वर गेला की हीच माणसं पौराणिक नाटकातली समासांनी भरलेली लांबलचक मराठी वाक्यं अशी बोलतात की शेवटच्या रांगेत चणे खात बसलेल्या म्हातारीलाही अक्षर न् अक्षर ऐकू जातं. यांना व्याकरण कोणी शिकवलं? कोणीच नाही. यांची तालीम झाली एवढंच. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर देवळाच्या अग्रशाळेत, पेटीवाल्यासकट, महिना-दोन महिने.

या तालमीत काय चालतं ते एकदा शिक्षकाच्या नजरेने बघावं असं मला फार वाटतं. मास्तर आधी स्वतः वाक्य बोलून दाखवतो, मग नट बोलतो, मग मास्तर ओरडतो. काय ओरडतो ते ऐका. "शेवटचं अक्षर गिळू नको." "आधी श्वास घे, मग बोल." "समोरचा काय म्हणाला ते ऐकलंस का, मग उत्तर दे." आणि सगळ्यात जास्त वेळा, "हे तू कोणाला सांगतोयस?" माझ्या मते भाषा शिकवण्याचं सगळं गुपित या शेवटच्या प्रश्नात आहे. आमच्या वर्गात मूल धडा वाचतं ते कोणालाच सांगत नसतं. समोर पुस्तक, मागे भिंत. तालमीत प्रत्येक वाक्याला एक मालक असतो, एक ऐकणारा असतो आणि बोलायला काहीतरी कारण असतं, म्हणून ते वाक्य तोंडात बसतं.

दशावतारी काल्याची गोष्ट तर अजून पुढची. पेडण्याकडे, डिचोली-सत्तरीकडे आणि पलीकडे सावंतवाडी-कुडाळ-वेंगुर्ल्याकडे राहणाऱ्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते, दशावतार म्हणजे जत्रेत रात्री होणारं लोकनाट्य, त्यात लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं ते ठरतं, कोण कुठे येणार ते ठरतं, आणि पुढचे संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात, तेही मराठीत. समोरच्याने अनपेक्षित काही टाकलं तर तिथल्या तिथे जबाब द्यावा लागतो. बोलण्याचा सफाईदारपणा याला म्हणतात ना? परदेशी भाषेच्या क्लासात हेच शिकायला लोक पैसे भरतात. आणि त्याच खेळात सुरुवातीला संकासुर नावाचा विनोदी राक्षस येतो तो बोलीत बोलतो, लोकांना हसवतो, त्याला कोणी शुद्ध बोल म्हणत नाही. राजाची भाषा वेगळी, संकासुराची वेगळी, आणि दोन्ही एकाच मंचावर. मी हे उचलून वर्गात आणलं. प्रसंग करताना राजा, प्रधान, न्यायाधीश मराठीत बोलणार, संकासुर कोंकणीत बोलणार. झालं काय, जी मुलं मराठीला घाबरून तोंड उघडत नव्हती ती आधी संकासुर व्हायला पुढे आली, हांव करतां टीचर, हांव करतां. आणि चार-पाच दिवस संकासुर करून झाल्यावर त्यांनाच राजा व्हायचं असतं, कारण राजाला तलवार असते. मग मराठी येते. वर्गात कोंकणी बोलली म्हणून दटावणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर करून बघावा.

आता व्याकरणाचं. लोक म्हणतात नाटक ठीक आहे हो पण व्याकरण कसं शिकवणार. मी तर म्हणेन की गोव्यातल्या मुलांचं व्याकरण नाटकाशिवाय सुधारणं कठीण आहे. कोंकणीत "हांव वतां" मुलगाही म्हणतो, मुलगीही म्हणते, मराठीत मात्र जातो आणि जाते वेगळं. कोंकणीत लहान मुलीला "तें आयलें" म्हणतात, म्हणून आमची मुलं मराठीत सरळ "माझी बहीण आलं" लिहितात आणि आम्ही लाल पेनने गोल करतो, पुढच्या निबंधात परत तेच. लाल पेनने हे जात नाही. पण मुलग्याला राणीचं काम द्या आणि मुलीला सेनापतीचं. आपल्या रंगभूमीवर पुरुषांनी स्त्रीपार्ट करणं काही नवीन नाही, दशावतारात आजही होतं. राणी झालेला मुलगा "मी माहेरी जातो" म्हणाला की सगळा वर्ग हसतो, तोही हसतो, आणि लगेच "जाते, जाते" करतो. एकदा हसून दुरुस्त झालेलं रूप पुढे चुकत नाही असा माझा अनुभव आहे. गोल करून दुरुस्त केलेलं चुकतं.

तसंच तू-तुम्हीचं. कोंकणीत आईला, वडिलांना, मास्तरांनाही सर्रास "तूं" चालतं, त्यात काही उर्मटपणा नाही, तशी भाषाच आहे. पण तेच मूल बँकेत किंवा पुण्याच्या कॉलेजात जाऊन मराठीत "सर, तू फॉर्म दे" म्हणालं की समोरचा भडकतो आणि याला कळत नाही की झालं काय. हे नियम सांगून येत नाही. मी एक साधा खेळ घेते, वाक्य फक्त एक, "दार उघड." आता बोला. बाजारातून दोन हातांत पिशव्या घेऊन आलेली आई. रात्री उशिरा आलेला मोठा भाऊ, ज्याला वडिलांना कळू द्यायचं नाहीये. पोलीस. शेजारची आजी, जिला नुसत्या गप्पा मारायच्यात. पोस्टमन. मुलं आधी नुसता आवाज बदलतात, हळू, जोरात, घाईत, लाडात. मग कोणीतरी म्हणतं की टीचर, पोस्टमन "उघड" नाही म्हणणार, "उघडा" म्हणेल. मग आजी "उघडतेस का गं", भाऊ "उघड ना", आणि कोणी पाहुणा असेल तर "जरा दार उघडता का". आज्ञार्थ, विनंती, आदरार्थी रूप, सगळं फळ्यावर आलं आणि मी एकही व्याख्या सांगितलेली नसते. व्याख्या नंतर सांगते, तेव्हा ती कळते.

दुसरी एक पद्धत सांगते, ती माझी नव्हे. इंग्लंडात डोरोथी हीथकोट नावाच्या बाई होत्या, १९२६ चा जन्म, चौदाव्या वर्षी शाळा सोडून लोकरीच्या गिरणीत कामाला लागल्या, पुढे नाटक शिकल्या आणि नंतर न्यूकासलला विद्यापीठात शिक्षकांनाच शिकवायला लागल्या. त्यांची खासियत अशी की शिक्षकाने लांबून सूचना देत बसायचं नाही, स्वतः एक पात्र होऊन वर्गात शिरायचं. मी हे आपल्या इथल्या विषयावर केलं. खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली शेती, कुठल्या मुलांना माहीत नाही, निदान बसमधून जाताना सगळ्यांनी बघितलेली असते. मी वर्गाबाहेर गेले, खांद्याला पर्स, हातात फाइल, आणि आत आले ती सरकारी अधिकारी म्हणून. "या गावात खाजनाचा बांध फुटलाय अशी तक्रार आहे, मला तर काही दिसत नाही, कोण सांगणार?" पहिली दोन मिनिटं सगळे खीखी करत होते. मी मख्ख. "कोणी बोलणार नसेल तर मी तक्रार खोटी असं लिहून जाते." झालं, एकदम आवाज फुटले. मानशीचं, म्हणजे बांधातलं पाणी अडवायचं, दार कुजलं होतं, खारं पाणी शेतात आलं, भात गेलं, कोणाचं किती गेलं, आधी कोणाला सांगितलं होतं. मी मुद्दाम अडवत होते, "पुरावा काय? तारीख काय? तुम्ही कोण, मालक की कूळ?" आणि मुलं शब्द शोधत होती, नुकसान, भरपाई, पंचनामा, साक्षीदार, शब्द नाही मिळाला की मला विचारत होती, आणि अशा वेळी विचारलेला शब्द मुलं विसरत नाहीत. मग मी म्हटलं ठीक आहे, हे सगळं अर्जात लिहून द्या. जो अर्जलेखनाचा प्रश्न मुलं गाइडमधून पाठ करतात, "वरील विषयास अनुसरून" वगैरे, तो त्या दिवशी सगळ्यांनी स्वतःच्या मनाने लिहिला. चुका होत्या, भरपूर होत्या. पण अर्ज वाचून मला भरपाई मंजूर करावीशी वाटली.

यात नाटक बसवणं नाही, पाठांतर नाही, ड्रेस भाड्याने आणणं नाही, आणि बघायला प्रेक्षकही नाहीत. हे मुद्दाम लिहितेय कारण शाळेत नाटक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गॅदरिंग येतं. गॅदरिंगबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. वर्गातली आठ हुशार मुलं घ्यायची, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. आणि आता तर नवीन फॅशन निघालीये, संवाद आधीच स्टुडिओत रेकॉर्ड करून आणायचे, बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाच्या आवाजात, आणि मंचावर मुलांनी नुसते हात हलवायचे आणि तोंड उघडझाप करायचं. माइकची कटकट नको, विसरायची भीती नको. अहो पण मग भाषेच्या दृष्टीने उरलं काय त्यात? ज्या गोव्यात विजेच्या बत्तीशिवाय, माइकशिवाय रात्रभर नाटकं झाली त्या गोव्यात मुलांचा आवाज पेनड्राइव्हमध्ये? एकपात्री स्पर्धांचंही तेच, आईवडिलांनी घोटून घेतलेला गळा काढायचा आणि शेवटी रडायचं, परीक्षक बक्षीस देतात. असो.

लहान वर्गांचं वेगळं दुखणं आहे. केंद्राच्या निपुण भारत योजनेत, जी २०२१ मध्ये आली, दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या मुलाने निदान ६० शब्द वाचावेत असं उद्दिष्ट दिलंय. समजून वाचावेत असंही त्यात आहे, ते मी लपवत नाही. पण प्रत्यक्षात मोजायला सोपा असतो तो वेग, म्हणून घड्याळ लावून मोजलं जातं ते तेच, आणि मग मूल घोड्यासारखं सुटतं. वाक्य कुठे संपलं, प्रश्न कुठे होता, कोण कोणाशी बोलतंय, काही नाही. माझ्या वर्गात आठवीला येतात तेव्हाही ती घोडदौड चालूच असते. त्यावर मी करते ते हे की पुस्तक हातात घेऊनच संवाद वाटून द्यायचे. एक मूल निवेदक, एक आजोबा, एक कुत्रा असेल तर कुत्रा. पाठ करायचं नाही, बघून वाचायचं, पण आवाजाने पात्र कळलं पाहिजे. तोच उतारा चार-पाच वेळा वाचला जातो आणि कोणाला कंटाळा येत नाही कारण दर वेळी आजोबा बदलतो. एरवी तोच धडा पाचव्यांदा वाचा म्हटलं तर पालकांची चिठ्ठी येईल.

कवितेचा तास तर आपल्याला आयता मिळालेला आहे. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक, हे परीक्षेला लिहायला मुलं पाठ करतात आणि विसरतात. टाळी वाजवून म्हणून घ्या, भजनी मंडळात जाणारी दोन-तीन मुलं प्रत्येक वर्गात असतातच, त्यांना पुढे उभं करा, चौथ्या चरणाला अक्षरं कमी का पडतात आणि तिथे श्वास कसा घेता येतो ते तीच दाखवतील. नाथांची भारुडं तर पात्राच्याच तोंडची आहेत, जोशी बोलतो, वासुदेव बोलतो, विंचू चावलेला माणूस बोलतो. सोळाव्या शतकातल्या माणसाने आपल्याला करून दाखवायला दिलेली गोष्ट आम्ही "भावार्थ लिहा" म्हणून मारून टाकतो.

आवाजाबद्दल बोलतेय तर शिक्षकांच्या घशाबद्दलही बोलते, कारण त्यावर कधी कोणी लिहीत नाही. जून-जुलैत आमच्याकडे पाऊस पत्र्यावर असा कोसळतो की पहिल्या बाकावरच्यालाही ऐकू जात नाही, मग आम्ही ओरडतो, ओरडताना आवाज चढतो, चढलेला आवाज पावसात अजूनच हरवतो, आणि गणपतीची सुट्टी लागेपर्यंत निम्म्या स्टाफचा घसा बसलेला असतो. आवाजाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत शिक्षक नेहमीच बरेच असतात हे कुठलाही कान-नाक-घशाचा डॉक्टर सांगेल. मी बीएड केलं तेव्हा मानसशास्त्र, मूल्यमापन, पाठ टाचण सगळं शिकवलं, आवाज कसा वापरायचा यावर एक लेक्चर नव्हतं. जे शिकले ते गावच्या नाटकात प्रॉम्प्टिंग करताना. श्वास पोटातून घ्यायचा, खांदे वर जाता कामा नयेत. बोलण्याआधी तोंड मिटून थोडं गुणगुणायचं म्हणजे आवाज चेहऱ्यात घुमायला लागतो. जोर स्वराला नाही, व्यंजनाला द्यायचा, शब्दाचा शेवट सोडायचा नाही. पट्टी खाली ठेवायची. आणि पावसाची सर येऊन कोसळत असेल तेव्हा सरळ थांबायचं, नट टाळ्यांना थांबतो तसं. मुलांकडूनही हेच करून घेते, तासाच्या सुरुवातीची दोन मिनिटं, त्यात वर्ग शांतही होतो, "गप्प बसा" म्हणून डस्टर आपटावा लागत नाही.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा, गोंगाट होतो. होतो. शेजारच्या वर्गात गणित चालू असतं आणि आमच्याकडे बांध फुटलेला असतो. एका हेडमास्तरांनी मला सांगितलं होतं की बाई, तुमच्या वर्गात शिक्षक आहे की नाही ते बाहेरून कळत नाही. यावर उपाय म्हणजे सगळंच मोठ्याने करायचं नाही, कानात बोलण्याचे प्रसंग द्यायचे, लपलेले दोन सैनिक, आजारी माणसाच्या खोलीतलं बोलणं, कुजबुजीत उच्चार जास्त स्पष्ट करावे लागतात म्हणून ते उच्चाराच्या दृष्टीने उलट चांगलंच. तरीही गोंगाट होणार, तेवढा सोसायला हवा.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, की लाजरी मुलं अजून मागे पडतात. टीचर, म्हाका लज दिसता, असं सांगणारं मूल प्रत्येक वर्गात असतं आणि त्याला ढकलून पुढे आणणं हा क्रूरपणा आहे. त्याला आधी समूहात ठेवावं, दहा जणांच्या आवाजात आपला आवाज मिसळता येतो. अडखळत बोलणारी मुलं सगळ्यांबरोबर एका लयीत म्हणताना सहसा अडखळत नाहीत, स्पीच थेरपी करणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे, मी वर्गात डोळ्यांनी बघितलंय. काहींना प्रॉम्प्टर करावं, प्रॉम्प्टर सगळ्यात जास्त वाचतो. काहींना नुसते आवाज द्यावेत, बाकावर बोटांनी पाऊस, जीभ टाळ्याला लावून घोड्याच्या टापा. एक मुलगी वर्षभर पाऊसच करत होती आणि तरी तिला सगळ्यांचे संवाद पाठ होते.

तिसरा आक्षेप पालकांचा, आणि मुलांचाही, टीचर, हें परीक्षेक येतलें? यावर माझ्याकडे उत्तर नाही कारण ते माझ्या हातात नाही. मराठीचा पेपर लेखी आहे, तोंडी परीक्षेचे जे थोडे अंतर्गत गुण असतात ते बहुतेक ठिकाणी सगळ्यांना वाटल्यासारखे दिले जातात, शिक्षकाला वेळ नसतो, साठ मुलांचं ऐकायचं कधी. जोपर्यंत बोलण्याला आणि वाचण्याला खरे गुण नाहीत तोपर्यंत माझ्यासारखे काही वेडे हे करणार आणि पोर्शन मागे राहिला म्हणून बोलणी खाणार. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ सालचा, त्यात कला, संगीत, नृत्य आणि नाट्य यावर वेगळा अभ्यासगट नेमला होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कला आणि विषय एकत्र शिकवा असं स्वच्छ लिहिलंय. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची शिक्षणात नाटक आणणारी वेगळी मंडळी १९८९ पासून काम करतेय. म्हणजे कागदावर सगळे राजी आहेत. वर्गात फळा आणि गाइड.

आपल्याकडे तर यासाठी लागणारी माणसंही आहेत. कला अकादमीत नाट्यशिक्षण मिळतं, तिथून शिकून बाहेर पडलेली तरुण मुलं आहेत, अकादमीच्या नाट्यस्पर्धेत तालुक्या-तालुक्यातून संघ उतरतात, कोंकणीत तियात्राची (गाण्यांसह होणाऱ्या नाटकाची) परंपरा १८९२ पासूनची आहे, त्यातल्या लोकांना आवाज आणि टायमिंग आपल्यापेक्षा चांगलं कळतं, कोंकणी शिकवणाऱ्यांनी ते घ्यावं. शिक्षकांची जी सुट्टीतली प्रशिक्षणं होतात, ज्यात आम्ही पीपीटी बघून, चहा-समोसा घेऊन, हजेरी लावून घरी येतो, त्यातले दोन दिवस फक्त एका तालीम मास्तरला द्या. त्याला पीपीटी करायला लावू नका. त्याने वीस शिक्षकांना उभं करून "हे तू कोणाला सांगतोयस?" विचारलं तरी पुरे. आणि हायस्कुलांनी आठवड्यातला एक मराठीचा तास जोडतास करावा, चाळीस मिनिटांत बाकं सरकवून होईपर्यंत बेल होते.

उत्सव समित्यांनाही एक विनंती. तालमीला गावच्या शाळेतल्या मुलांना येऊ द्या, काम द्यायला पाहिजे असं नाही, नुसतं बसू दे. मुलं उशिरापर्यंत जागतात म्हणून आया ओरडतील तर आठ ते नऊ एवढंच बसू दे. घरी जाऊन तीच मुलं एकमेकांना संवाद मारतात, मी ऐकलेत.

पत्र फार लांबलं याची कल्पना आहे, तुमच्याकडे जागा कमी असते. कात्री लावायची झालीच तर गॅदरिंगवर जे लिहिलंय ते काढा, त्यावरून मला स्टाफरूममध्ये ऐकून घ्यावं लागेल, पण खाजनाचा आणि राणीचा भाग तेवढा ठेवा, एखाद्या मराठीच्या शिक्षकाला सोमवारी लगेच वर्गात करून बघता येईल.

आपली,
एक मराठी शिक्षिका, फोंडा तालुका
(नाव छापू नये ही विनंती)